मापं आणि रेघा

वाडी, बडोदे
ता. १४ नोव्हेंबर १९३५

ती. वन्सं यांना विजयमालेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचे धाकटे बंधू परवाच्या गाडीने द्वारकेला गेले. पलटणीचा हुकूम, त्यापुढे कोणाचं चालतं? रजेचा अर्ज दिला होता, तो साहेबांनी वाचला की नाही देव जाणे. होळीपर्यंत तरी परत येणं नाही. जाताना निरूची सुई माझ्या हातात देऊन गेले.

तुम्ही श्रावणात आला होतात तेव्हा सुई हे टोचत होते आणि मी तोंड फिरवून उभी राहत होते. आठ वर्षांच्या पोरीला मधुमेह कसा होतो, हे मला अजून उमगलेलं नाही. रावपुऱ्यातले लक्ष्मीकांत डॉक्टर म्हणतात, आता इन्शुलीन मिळतं म्हणून ही पोर आहे, पंधरा वर्षांपूर्वी जन्मली असती तर हाती लागली नसती. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी सुई. काचेच्या नळीवर रेघा आहेत, त्यातल्या सहा रेघांपर्यंत औषध भरायचं. आणि जेवण मोजून. पिठाची तीन मापं, दुधाची दोन. औषध आणि अन्न एकमेकांना बांधलेली आहेत, एकात फरक केला तर पोरीच्या जिवावर येईल, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय.

आणि वन्सं, मला मोजता येत नाही. तुम्हाला सांगायला लाज कसली? दुसरीतून शाळा सुटली. अक्षरं टिकली, आकडे गेले. पाचाच्या पुढे माझं मन पळायलाच लागतं. काल संध्याकाळी सुई भरली, सहा रेघा झाल्या असं वाटलं, तर निरू म्हणते, "आई, सात झाल्या का गं?" मी ते औषध मोरीत ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा शंका आली, पुन्हा ओतलं. शेवटी खालीच बसले आणि रडले. पोर भुकेली समोर बसलेली. सुई झाल्याशिवाय घास नाही ना.

कंपाउंडर सकाळी येऊन टोचून जाईन म्हणतो, पण संध्याकाळी कोण येणार? आई म्हणतात, देवावर भार टाक. तुम्ही मास्तरीण आहात. अमरेलीच्या शेतकऱ्यांच्या पोरींना हिशोब शिकवता. मला शिकवा, नाहीतर स्वतः या. माझ्या हातून पोर जाईल हो.

तुमची,
विजयमाला

---

अमरेली
ता. १९ नोव्हेंबर १९३५

चि. सौ. विजयमाला हिला आशीर्वाद, आणि निरूच्या दोन्ही गालांचे पापे.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. तुझ्यावर नाही, प्रतापवर. बंदुकीच्या गोळ्या मोजायला शिकला, पण बायकोला सहा रेघा शिकवून जायला त्याला सवड झाली नाही! असो, भाऊ माझाच आहे.

मला येता येत नाही. जानेवारीत महाराजांचा हीरक महोत्सव. मोठ्या बाई आजारी पडल्यात, मुलींची कवायत माझ्या गळ्यात, आणि रजा म्हटलं की खात्यातले लोक माझ्याकडे असं बघतात जणू मी त्यांची खुर्ची मागितली. तेव्हा पत्रानेच शिकायचं.

पहिली गोष्ट, पाटी-पेन्सिल घरात आणायची नाही. पाटी बघितली की तुला दुसरीतली छडी आठवणार. आणि तुला मोजता येत नाही, हे मी मुळीच मानणार नाही. दारात रांगोळी काढतेस तेव्हा ठिपक्यांची ओळ कधी वाकडी पडली? पाहुणे वाढले तर कणीक किती भिजवायची, हे कोण सांगतं तुला? तू दिवसभर मोजतेस, फक्त त्याला मोजणं म्हणत नाहीस.

आता ऐक. डाव्या हाताचं बोट बघ, त्याला तीन पेरं. दोन बोटं म्हणजे सहा पेरं, म्हणजेच निरूच्या सहा रेघा. अंगठा पेरावर ठेवायचा, नळीतली एक रेघ पार झाली की अंगठा पुढच्या पेरावर. दोन बोटं संपली की थांब. आकडा पळाला तरी बोट पळत नाही. आधी नुसतं पाणी भरून कर. पोळपाटावर खडूने नळी काढ, आडव्या रेघा मार आणि बोट वर नेत नेत मोठ्याने म्हण. टोचायची भीती वाटते ना? वांगं घे आणि त्याला टोच. दिवसाचं एक वांगं खराब झालं तरी आईला म्हणावं, वन्संनी सांगितलंय.

आणि निरूला नुसती बसवून ठेवू नकोस. पिठाचं माप घालताना तिने मोजायचं, दुधाचं तिने मोजायचं. आपलं अन्न आपण मोजणारी पोर कधी घाबरत नाही. तीही शिकेल, तूही शिकशील. माझ्या इथल्या पोरी चिंचोक्यांनी शिकल्या, तू वांग्याने शीक.

तुझी,
कौशल्या

---

वाडी, बडोदे
ता. २ डिसेंबर १९३५

ती. वन्सं यांना विजयमालेचा नमस्कार.

तुमची बोटांची युक्ती मला देवासारखी पावली. वांग्यांचं भरीत रोज होतंय, आई नाक मुरडतात आणि खातात. पहिल्यांदा मी निरूला टोचलं तेव्हा ती रडली नाही, मीच रडले. आता सुई एकदाच भरते, मोरीत ओतावी लागत नाही. शेजारच्या जशीबेन बघायला आल्या होत्या, म्हणाल्या, "अरे वाह, बेन तो डॉक्टर थई गयां!" दोन दिवस मी हवेत होते.

आईसुद्धा आमच्या शाळेत आल्यात. पिठाचा डबा त्या घेऊन बसतात, निरू मांडी घालून समोर. आई माप भरून परातीत ओततात, निरू मोठ्याने मोजते. तिचा आवाज ऐकला की मला वाटतं, सगळं नीट होईल.

पण नीट होत नाहीये, वन्सं. डॉक्टरांनी घरी तपासायला निळं पाणी दिलंय. त्यात पोरीच्या लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तरी चालेल, पिवळं वाईट, विटकरी फार वाईट. हे होते तेव्हा हिरवं यायचं. मी हातात घेतल्यापासून विटकरी. डॉक्टरांनी रेघा सहाच्या आठ केल्या, तरी विटकरी. मग दहा केल्या. दहा म्हणजे तीन बोटं आणि वर एक पेर. आता कुठे पिवळं-हिरवं येतंय. पोर मात्र वाळत चाललीय, सारखी पाणी मागते.

काल डॉक्टरांनी तिला पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाई, खरं सांगा, कोण चोरून खायला घालतंय?" मी निरूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. त्यांना ती पटली नाही. म्हणाले, असंच चाललं तर पोरीला दवाखान्यात ठेवून घेईन आणि आईला जवळ येऊ देणार नाही. आईंनी साखर आणि गूळ कपाटात घातलाय, किल्ली कमरेला. द्वारकेहून पत्र आलंय, "तुझी माया पोरीला घेऊन जाईल." घरात मीच चोर ठरले.

मी काही घालत नाही हो. तुम्ही तरी माना.

विजयमाला

---

अमरेली
ता. ७ डिसेंबर १९३५

चि. सौ. विजयमाला हिला आशीर्वाद.

मी मानते. अगदी सरळ मानते. तू खोटं बोलायला लागलीस की तुझं अक्षर उजवीकडे झुकतं, लग्नाच्या वर्षी दोनदा पकडलंय मी. या पत्रातलं अक्षर उभं आहे.

मग चूक कुठेतरी मोजण्यात आहे, आणि ती आपण शोधून काढू. माझ्या वर्गात गणित चुकलं की मी मुलीला विचारत नाही की उत्तर काय. मी म्हणते, हातांनी काय केलंस ते पहिल्यापासून सांग. तूही सांग. डबा उघडल्यापासून ताट वाढेपर्यंत जे जे होतं, ते जसंच्या तसं लिही. आंधळ्या बाईला सांगावं तसं. कोण बसतं, कोण काय म्हणतं, काही वगळू नकोस, त्यात काय सांगायचं असं वाटलं तरी लिहीच. सुई कशी भरतेस तेही. प्रतापच्या वेळी हे कोण करायचं, ते पण लिही.

आणि जेव. तू उपाशी राहिल्याने निरूच्या निळ्या पाण्याला काही समजत नाही.

तुझी,
कौशल्या

---

वाडी, बडोदे
ता. १२ डिसेंबर १९३५

ती. वन्सं यांना नमस्कार.

रविवारची मुदत दिलीय. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. त्या दिवशी लक्ष्मीकांत डॉक्टर ठरवणार, निरू घरी राहणार की दवाखान्यात. निरूला कळलंय. ती मला म्हणते, "आई, मी भूक लागली असं म्हणणारच नाही, मग नाही ना नेणार?"

तुम्ही सांगितलंत तसं लिहिते. सकाळी मी निरूचे हात धुते. सुई उकळते, तीन बोटं आणि एक पेर भरते, निरू बरोबर मोजते. टोचते. मग आई पिठाचा डबा घेतात. डोक्यावरून पदर घेतात, डब्याला नमस्कार करतात. माप भरतात, लाभ म्हणतात, परातीत ओततात. मग निरू मोजते. एक, दोन, तीन. झालं. डबा बंद. मी कणीक भिजवते, लाटते, भाजते, सगळंच्या सगळं निरूच्या ताटात. दुधाचंही तसंच. लाभ, एक, दोन. मापावरून हात फिरवून सपाट करतात, शीग लावत नाहीत. हे होते तेव्हा पीठ हे स्वतः काढायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. पलटणीतल्यासारखं तीन वेळा खटाखट ओतायचे आणि निघून जायचे.

यात कुठे चोरी आहे, वन्सं? मी शंभरदा वाचलं, मला दिसत नाही.

विजयमाला

---

अमरेली
ता. १६ डिसेंबर १९३५

विजयमाला,

सापडला! चोर सापडला! अगं वेडे, तूच लिहून पाठवलास!

लाभ, एक, दोन, तीन. बोटांवर मोज. किती झाली? चार. निरूच्या पोटात रोज, दोन्ही वेळा, एक माप जास्त जातंय, दुधाचंही. आणि ते घालणारी माझी आई, देवाचं नाव घेऊन!

आपल्या घरात खळ्यावर धान्य मोजायची रीत तीच. पहिलं माप लाभाचं, ते आकड्यात धरायचं नाही, म्हणजे कणगीत बरकत राहते. सरदारांच्या पागेतला दाणासुद्धा आमचे आजोबा असाच मोजायचे. मी त्याच घरात वाढले, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. इथे शाळेत एकापासून सुरुवात करायची सवय लागली, घरचं विसरले. प्रतापने मोजलं तेव्हा लाभबिभ काही नव्हतं, म्हणून हिरवं येत होतं.

तर पत्र हातात पडल्याबरोबर पहिलं काम हे. पहिल्या मापालाच एक म्हणायचं. तीन झाली की डबा बंद. दूध दोनच. आईला दुखवू नकोस, तिला म्हणावं, लाभाचं माप वेगळ्या भांड्यात काढ आणि चिमण्यांना घाल, बरकत चिमण्या आणतील. पण निरूच्या परातीत ते पडता कामा नये. डॉक्टरांना रविवारी भेटशील तेव्हा सांग, आधी माप दुरुस्त कर. निळं पाणी निळं झालेलं घेऊनच त्यांच्यासमोर जा. बघू मग कोण कोणाला चोर म्हणतं!

आज मी मुलींना अर्धा तास आधी सोडलं. मला कवायत सुचेना.

तुझी,
कौशल्या

---

अमरेली
ता. १९ डिसेंबर १९३५

विजयमाला, विजयमाला,

हे पत्र पोहोचण्याआधी माझी तार पोहोचलेली असेल. पोहोचलीच असेल. तारबाबूने माझ्यासमोर ठोकली. इंग्रजीतच जाते, म्हणून त्याच्याकडूनच लिहून घेतली. सुई कमी करा, डॉक्टरांना ताबडतोब विचारा, एवढंच. जशीबेनच्या मुलाला इंग्रजी येतं ना? येत असेलच.

आज वर्गात तराजू शिकवत होते. करवंट्या दोरीने बांधून मुलींनीच केलेला. एका करवंटीत चिंचोके, दुसरीत खडे. दोन्ही सारखे झाले तेव्हा मी म्हटलं, आता चिंचोके थोडे काढा. काढले. खड्यांची करवंटी धाडकन जमिनीला लागली. मुली हसल्या. मी वर्ग तसाच सोडून तारघराकडे धावले.

रेघा सहाच्या दहा कशामुळे झाल्या, विजयमाला? त्या चौथ्या मापामुळे. चौथ्या मापासाठी औषध वाढवलं, आणि मी आता ते माप काढून घ्यायला सांगितलं. औषध मात्र दहाच ठेवलं. ते कमी कर म्हणून एक शब्द लिहिला नाही. डॉक्टरांकडे नंतर जा असं लिहिलं! दोन्ही एकमेकांना बांधलेली आहेत, हे तूच मला पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. ते पत्र माझ्या उशाशी आहे.

तुझ्या आधी चार मुलींना शहाणं करून सोडलं, या गर्वात मी अर्धंच गणित सोडवून पाठवलं.

तू आईला विरोध करून माप बदललं नसशील, असं देवाकडे मागतेय. माझी एक गोष्ट तू ऐकली नसशील. या वेळी तरी माझं ऐकू नकोस गं.

कौशल्या

---

वाडी, बडोदे
ता. २४ डिसेंबर १९३५

ती. वन्सं,

निरू आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तुम्ही पुढचं वाचू शकाल.

सापडला चोर हे तुमचं पत्र गुरुवारी संध्याकाळी आलं. मी आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच का?" आणि डबा माझ्याकडे सरकवला. त्या संध्याकाळी तीन मापं घातली. निरूने एकापासून मोजलं. झोपताना तिला जरा घाम आला होता, मला वाटलं खोलीत उकडतंय. डिसेंबरात उकडतंय असं मला वाटलं, वन्सं.

शुक्रवारी सकाळी मी सुई उकळत असताना तारवाला आला. दार आईंनी उघडलं. आपल्या घरात तार म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे. मामंजी गेले तेव्हा तार, तुमचे यजमान गेले तेव्हा तार. आईंना वाटलं, द्वारकेची. आपला प्रताप गेला. आणि त्यांनी काय केलं, ऐका. त्यांनी ती तार पदराखाली लपवली. मला सांगितलं तर माझा हात कापेल आणि पोरीची सुई चुकेल, म्हणून. सुई होऊ दे, पोर जेवू दे, मग सांगू, असं ठरवलं. आत आल्या, माझ्यासमोर बसल्या, डोळ्यांत टिपूस नाही. मला म्हणाल्या, "नीट भर गं, घाई करू नकोस." मी नीट भरली. तीन बोटं आणि एक पेर. एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही.

निरू जेवली. मी भांडी घासत होते, तर ती कपडे धुवायच्या दगडावर बसून काहीतरी बरळायला लागली. जवळ गेले तर अंग ओलंचिंब, हातपाय लटलट कापताहेत, डोळे मला ओळखत नव्हते. जाताना हे सांगून गेले होते, सुई जास्त होऊन असं झालं तर साखर, लगेच साखर. मी कपाटाकडे धावले. कुलूप. "आई, किल्ली!" म्हणून ओरडले. आई देवापाशी तार छातीशी धरून पडल्या होत्या, त्यांना ऐकूच येईना. मी त्यांच्या कमरेला हात घातला तर त्यांनी माझा हात धरला. "पुन्हा गोड? अगं, तुझा नवरा गेला आणि तू पोरीलाही..." असं काहीतरी म्हणाल्या. नवरा गेला, हे मी ऐकलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी किल्ली ओढत होते.

जशीबेन भिंतीवरून ओरडल्या, "शुं थयुं?" मी नुसतं "गूळ!" म्हणाले. त्या परसातून आल्या, हातात गुळाचा खडा आणि तांब्या. निरूचे दात बसले होते. गूळ बोटाने गालाच्या आत चोळला. ती निम्मा थुंकली. मग तिला आचके यायला लागले. त्यांचा मुलगा लक्ष्मीकांत डॉक्टरांना घेऊन येईपर्यंत मी किती वेळ तिचं डोकं धरून होते, मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी शिरेत साखरेचं औषध दिलं. तार त्यांनीच फोडली. वाचली, माझ्याकडे दिली, मला इंग्रजी येत नाही हे आठवलं तशी परत घेतली आणि मराठीत सांगितली. आईंनी विचारलं, "प्रताप?" ते म्हणाले, "प्रतापरावांचं काही नाही. पोरीचं होतं."

आचके थांबले. तिसऱ्या दिवशी निरूने मला "आई" म्हटलं. उजवा हात नीट उचलत नाही. पाणी मागते, दूध मागते. पण शब्द शोधत बसते, आणि मोज म्हटलं की माझ्याकडे बघत राहते. परवा मी तिचीच बोटं धरून एक, दोन म्हटलं, तिला वाटलं मी खेळतेय, ती हसली. डॉक्टर म्हणतात, परत येईलही, येणार नाहीही.

आई जेवत नाहीत. डब्याच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत.

विजयमाला

---

अमरेली
ता. २८ डिसेंबर १९३५

चि. सौ. विजयमाला,

तुझं पत्र तारेसारखंच दोन तास हातात धरून बसले, फोडवेना.

तू मला एक शब्दही वाईट लिहिला नाहीस. लिही ना. शिव्या दे, सही न करता नुसत्या शिव्या लिहून पाठव. आईने अज्ञानाने केलं, तू माझ्यावर विश्वास ठेवून केलंस. माझं तसं नाही. मी शिकलेली. इन्स्पेक्टर साहेबांनी माझ्या वर्गावर शेरा लिहिलाय, की ही बाई रोजच्या कामातून हिशोब शिकवते. तो शेरा मी काल चुलीत घातला.

रजा अजून नाही. महोत्सव होईपर्यंत नाही म्हणाले. राजीनामा लिहून ठेवलाय. पाठवला की मी निघाले. पण पाठवायला हात धजत नाही, त्याचं कारण नोकरी नव्हे. मी दारात आले तर तू काय करशील? निरू माझ्याकडे बघेल तेव्हा मी तिला काय म्हणू? आणि आल्यावर मी करणार तरी काय? शिकवण्याखेरीज मला काही येत नाही, आणि आता मी कोणाला एकापुढे दोनसुद्धा शिकवू नये.

तू लिही. ये किंवा येऊ नकोस, एवढंच लिही.

कौशल्या

---

वाडी, बडोदे
ता. २ जानेवारी १९३६

ती. वन्सं यांना विजयमालेचा नमस्कार.

शिव्या देण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. कोणाचं किती चुकलं, हे वाटून घ्यायला आई बसल्यात, तुम्ही बसलात, द्वारकेहून आलेल्या पत्रात हेही बसलेत. मला सकाळी पुन्हा सुई भरायची असते. संध्याकाळी पुन्हा. उद्या पुन्हा. ही पोर जगली तर जन्मभर, दोन वेळा.

आता रेघा सहा, मापं तीन. डॉक्टर रोज सकाळी येतात, ते आता मला चोर म्हणत नाहीत. भरताना बरोबर मोजायला कोणी नाही. मी एकटी मोजते. एक पेर, एक रेघ. झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजते. तुम्ही शिकवलंत ते बरोबर शिकवलंत, वन्सं, ते शिकले नसते तर पोर नोव्हेंबरातच गेली असती. हे मी तुमचं मन राखायला लिहीत नाही. मन राखायला लागणारी ताकद माझ्यात उरलेली नाही.

शहरात सगळीकडे तोरणं लागलीत. आमच्या गल्लीतून बँडवाले गेले, निरू दारात बसून बघत होती. तिने डावा हात वर केला. काल तिने स्वतःहून जशीबेनचं नाव घेतलं. आकड्यांचं अजून काही नाही. मी रोज पोळ्या लाटताना तिच्यासमोर मोजते, ती ऐकते की नाही कळत नाही. तरी मोजते.

राजीनामा फाडा किंवा पाठवा, ते तुमचं तुम्ही बघा. पण या. काही शिकवू नका आणि माझी क्षमा मागायलाही येऊ नका. तिच्या अंगावर हात ठेवून बसायला या. त्या शुक्रवारपासून मी झोपलेली नाही. माझा डोळा लागला आणि तिला घाम सुटला, तर कोणाला कळणार? आई बसते म्हणतात, पण त्यांचा हात आता ओलं-सुकं ओळखत नाही, आणि माझंही मन तयार होत नाही. तुमच्यावर मी तिला सोपवीन. का ते विचारू नका.

तुम्ही बसलात, तर मी झोपेन.

विजयमाला